तीन दिवसांची मुंबई

पेडण्याच्या माणसाला मुंबई परकी नाही. ज्या घरचा एखादा आजोबा, काका किंवा आतेभाऊ मुंबईत नोकरीला नव्हता आणि चतुर्थीला पत्र्याची ट्रंक घेऊन गावी येत नव्हता, असे घर आमच्या तालुक्यात विरळाच. त्या काळी वेंगुर्ल्याहून नाहीतर पणजीहून आगबोट पकडायची आणि भाऊच्या धक्क्यावर उतरायचे. जाण्यायेण्याचा खटाटोपच एवढा, की दोन दिवसांसाठी मुंबईस जाण्याचा विचार कोणाच्या मनाला शिवत नसे. गेलेला माणूस महिनाभर राहूनच परते. पुढे कोकण रेल्वे आली. आमच्या पेडण्याच्या बोगद्यातील पाणथळ माती पुनःपुन्हा ढासळत राहिल्याने संपूर्ण मार्ग खुला व्हायला १९९८ चा जानेवारी उजाडला, पण आली. २०२२ च्या डिसेंबरात तर आमच्याच तालुक्यात, मोपाच्या पठारावर, विमानतळ उघडला. प्रवास जसजसा आखूड झाला तसतसा मुक्कामही आखूड होत गेला. आता मुंबईस जायचे ते तीन दिवसांसाठी, आणि एवढ्या थोड्या अवधीत त्या अफाट शहराचे करायचे काय, हा प्रश्न प्रत्येक घरात उभा राहतो.

घरातील मूल सोळा वर्षांचे असेल तर हा प्रश्न अधिक अवघड होतो. लहान मुलाला आपण नेतो. मोठा माणूस आपला आपण जातो. या दोहोंच्या मधल्या वयाचा मुलगा वा मुलगी धड नेण्यासारखी नसते आणि धड एकटी धाडण्यासारखीही नसते. शाळेच्या सहलींबरोबर आमची तीस वर्षे गेली आहेत. बसच्या खिडकीशी बसून डोळे मिटून घेणारी नववी-दहावीची मुले आम्ही पुष्कळ पाहिली. ती कंटाळलेली असतात असे शिक्षकांना वाटते. बहुतेक वेळा त्यांचा राग एवढाच असतो, की आपल्याला कोणी काही विचारले नाही.

आमची धाकटी कन्या यंदा अकरावीत आहे. नाताळच्या सुटीत मुंबईस जायचे असे घरात ठरले, तेव्हा चोहीकडून सूचनांचा पाऊस पडला. मुंबईत राहून आलेल्या एका नातेवाइकांनी तर सत्तावीस प्रेक्षणीय स्थळांची यादी लिहून पाठविली. राणीची बाग, म्हातारीचा बूट, तारांगण, मत्स्यालय, महालक्ष्मी, हाजीअली, सिद्धिविनायक, चोरबाजार, आणखी कितीतरी. तीन दिवसांत सत्तावीस म्हणजे दिवसाला नऊ. असे दर्शन वारीतल्या मुखदर्शनापेक्षाही घाईचे होणार. आम्ही ती यादी, एक नकाशा, एक कोरी वही आणि खर्चासाठी ठरविलेल्या पैशांचे पाकीट कन्येच्या हवाली केले. अटी दोनच घातल्या. मुक्काम गिरगावात आत्याकडे असेल, आणि एक सकाळ आमच्या मर्जीची असेल. बाकीचा बेत तिने आखावा.

मुक्कामाच्या अटीमागे कारण होते. आमच्या थोरल्या भगिनी लग्न होऊन गिरगावातल्या ज्या चाळीत गेल्या, तिथेच त्यांची पंचेचाळीस वर्षे सरली. आता ती चाळ पाडून तिथे उंच इमारत व्हायची आहे. भाडेकरूंनी जागा रिकामी करण्याची वेळ जवळ येऊन ठेपली आहे, आणि आत्या काही वर्षांसाठी दूर उपनगरात राहावयास जाणार आहेत. पुन्हा गिरगावात येतील तेव्हा चाळीतले दोन खण आणि तो लांबलचक सामाईक सज्जा नसेल. पेडण्याहून गेलेल्या किती मुलांनी त्या सज्जात वळकटी पसरून पहिल्या नोकरीची वाट पाहिली, त्याचा हिशेब आत्यांनाच ठाऊक.

दुसरे कारण आम्ही वहीत लिहिले नव्हते, परंतु ते घरातील सर्वांना माहीत होते. दीड वर्षाने बारावी झाल्यावर आपण मुंबईस शिकावे, असे कन्येच्या मनात आहे. आम्ही मुंबई पाहावयास निघालो होतो. ती मात्र त्या शहरात आपल्याला राहता येईल की नाही, हे पाहावयास निघाली होती. बेत आखताना हा फरक लक्षात ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटले.

तिने आरंभ केला तो वारांपासून. घारापुरीची लेणी सोमवारी बंद, भायखळ्याची राणीची बाग आणि तिच्या आवारातील संग्रहालय बुधवारी बंद. म्हणून तिने गुरुवारी सायंकाळची कोकणकन्या धरली, जेणेकरून शुक्रवारी पहाटे मुंबईत उतरावे आणि रविवारी रात्री त्याच गाडीने परतावे. दोन्ही बंद वार आपोआप टळले आणि दोन रात्री प्रवासातच गेल्याने दिवस मात्र पूर्ण तीन हाती आले. रेल्वेचे आरक्षण २०२४ च्या नोव्हेंबरपासून साठ दिवस आधीच करता येते. पूर्वी ही मुदत एकशेवीस दिवसांची होती. नाताळात गोव्याकडे येणाऱ्या गाड्यांवर पर्यटकांची झुंबड, आणि नववर्ष उलटले की तीच झुंबड मुंबईच्या दिशेला. म्हणून साठावा दिवस चुकवून चालत नाही. पावसाळ्याचा विचारही करू नये, असे आमचे मत आहे. त्या दिवसांत कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे, गती मंद, आणि २०२४ च्या जुलैत आमच्या याच बोगद्यात पाणी शिरून वाहतूक खोळंबली होती. चतुर्थीच्या आधी मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या रिकाम्या धावतात म्हणे. पण चतुर्थीला घर सोडून मुंबईला निघेल असा पेडणेकर अजून जन्मास यायचा आहे.

वहीत तिने दोन रकाने पाडले. एकात त्या त्या ठिकाणी लागणारा वेळ, दुसऱ्यात तिथवर पोचण्याचा वेळ. मुंबईचा बेत फसतो तो या दुसऱ्या रकान्यामुळे. नकाशावर बोटभर दिसणारे अंतर दुपारच्या वाहतुकीत तास खाते. अलीकडे भुयारी मेट्रोने पुष्कळ सोय केली आहे. २०२५ च्या ऑक्टोबरापासून ती आरे ते कफ परेड अशी पूर्ण मार्गावर धावते आणि गिरगावातही तिचे स्थानक आहे. रविवारी लोकल गाड्यांवर विसंबून राहू नये, कारण दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो, हे तिला आत्यांनी सांगितले. म्हणून पायी हिंडण्याचा फोर्ट विभाग तिने रविवारी सकाळी ठेवला. त्या दिवशी कचेऱ्या बंद आणि रस्ते मोकळे. ओव्हल मैदानात उभे राहिले की एका बाजूस राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालयाच्या एकोणिसाव्या शतकातील गॉथिक इमारती, तर दुसऱ्या बाजूस विसाव्या शतकातील आर्ट डेको शैलीची घरे, आणि मधोमध क्रिकेट खेळणारी पोरे. २०१८ साली युनेस्कोने या दोन्ही रांगांना मिळून जागतिक वारशाचा मान दिला. सत्तावीसपैकी वीस स्थळांवर तिने काट मारली. आम्ही त्याबद्दल अवाक्षर काढले नाही.

आमच्या मर्जीच्या सकाळी आम्ही मागितले ते भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. कन्येने कपाळाला आठ्या घातल्या. संग्रहालय म्हणजे धूळ आणि पाट्या, असे या वयाचे ठाम मत असते. शेवटी तोड निघाली. संग्रहालय आणि राणीची बाग एकाच आवारात; बागेत २०१७ पासून पेंग्विन पाहावयास मिळतात. पेंग्विन तिचे, भाऊ दाजी आमचे.

भाऊ दाजींचे नाव आमच्या तालुक्यातील प्रत्येक मुलाला ठाऊक असायला हवे, आणि बहुतेकांना ते ठाऊक नसते. रामकृष्ण विठ्ठल लाड हे त्यांचे पूर्ण नाव, जन्म आमच्या पेडणे तालुक्यातला. लहानपणी त्यांचे बुद्धिबळातील कौशल्य पाहून एका इंग्रज गृहस्थाने मुलास इंग्रजी विद्या द्यावी असे वडिलांना सुचविले, अशी हकिकत सांगतात. मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षण झाले. कच्छ-काठेवाडातील बालिकाहत्येवर लिहिलेल्या निबंधाला पारितोषिक मिळाले. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले, त्यातून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. गरिबांना औषध फुकट, महारोगावर उपचाराचे प्रयोग, मुलींच्या शाळांना पाठबळ, मराठी नाटकाला आश्रय आणि उरलेल्या वेळात जुन्या शिलालेखांचे वाचन! एशियाटिक सोसायटीत त्यांनी वाचलेले निबंध पाहिले म्हणजे रोग्यांना हा मनुष्य वेळ केव्हा देत असेल असे वाटते. दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले. १८७४ साली त्यांचे देहावसान झाले. ज्या संग्रहालयाच्या उभारणीसाठी ते झटले, ते १८७२ साली राणी व्हिक्टोरिया आणि तिचा पती अल्बर्ट यांच्या नावाने उघडले, आणि १९७५ साली त्याला भाऊ दाजींचे नाव मिळाले. अल्बर्टचा संगमरवरी पुतळा आत आहे तिथेच आहे. (भाऊचा धक्का मात्र या भाऊंचा नव्हे. तो भाऊ अजिंक्य यांनी बांधलेला. आमच्या गावात अजूनही काही जाणती माणसे या दोघांची गल्लत करतात.)

भायखळ्यास जायचे ते कन्येने लोकलने ठरविले. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून तिसरे स्थानक. आम्ही टॅक्सी सुचवून पाहिली, ती म्हणाली, "बाबा, इथे राहणारी माणसे रोज टॅक्सीने जातात का?" फलाटावर उभे राहिल्यावर ध्यानात आले, की ती महिलांच्या डब्यात चढणार आणि आम्ही सर्वसाधारण डब्यात. पेडण्याच्या बसमध्ये बाप-लेकीने वेगळे बसण्याचा प्रसंग कधी आला नव्हता. गाडी सुटली. जेमतेम दहा मिनिटांचा प्रवास. पण खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलेल्या त्या गर्दीत आम्ही प्रत्येक स्थानकाचे नाव दोनदा वाचले. भायखळ्यास उतरून गर्दीतून वाट काढीत महिलांच्या डब्याकडे निघालो, तो ती घड्याळाखाली उभी. शेजारच्या बाईंकडून बाहेर पडण्याचा पूल कोणता, हेही तिने विचारून घेतले होते.

संग्रहालय पाहून कोणाचाही जीव हरखून जावा. २००८ साली जीर्णोद्धार पूर्ण होऊन ते पुन्हा उघडले, तेव्हा छतावरील सोनेरी नक्षी आणि ओतीव लोखंडाचे खांब मूळच्या थाटात उजळले. मात्र दुरुस्तीसाठी ते मधूनमधून बंद राहत आले आहे, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. आत मुंबईतल्या नाना जातींच्या, नाना धंद्यांच्या माणसांच्या मातीच्या लहान लहान प्रतिमा आहेत. कन्या त्यांच्यापुढे अर्धा तास रेंगाळली. भाऊ दाजींच्या नावापाशी आम्ही तिला ओढून नेले नाही. ती आपली आपण तिथे आली, पाटी वाचली आणि म्हणाली, "हे आपल्याकडून इथे आले तेव्हा रेल्वे नव्हती ना?" मुंबईहून पहिली आगगाडी ठाण्यास गेली ती १८५३ साली. तोवर भाऊ डॉक्टर झाले होते. "मग तर ते माझ्यापेक्षाही लहान असतील," एवढे बोलून ती पेंग्विन पाहावयास निघाली.

संग्रहालयाबाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. त्याला पाहिल्यावाचून घारापुरीस जाऊ नये. हा हत्ती मूळचा त्या बेटावरचा, आणि त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिले. १८६४ साली त्याला विलायतेस नेण्याचा घाट इंग्रजांनी घातला. उचलताना यारी तुटली आणि हत्ती कोसळून त्याचे तुकडे झाले. तेव्हा तुकडेच बागेत आणले, आणि १९१४ मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. आदल्या दिवशी हत्ती आणि दुसऱ्या दिवशी बेट, असा क्रम कन्येच्या वहीत योगायोगाने जुळला. आम्ही मात्र तो प्रत्येक कुटुंबाला मुद्दाम सुचवू.

घारापुरीसाठी अर्धा दिवस पुरतो असे समजणाऱ्याने लाँचचा जाता-येता एकेक तास आणि वरच्या शंभरावर पायऱ्या हिशेबात धराव्या. पहिल्या लाँचने गेले तर गर्दी आणि ऊन दोन्ही टळतात. डिसेंबर २०२४ मध्ये नौदलाच्या वेगवान नौकेची धडक बसून एका प्रवासी लाँचवरील अनेकांचे प्राण गेले, हे विसरू नये, आणि जीवरक्षक जाकीट अंगात घातल्याखेरीज लाँच सुटू देऊ नये. कन्येला ते जाकीट शोभेचे वाटले नाही, पण तिने ते घातले. लेण्यातील त्रिमुखी सदाशिवासमोर आम्ही किती वेळ उभे होतो, ते सांगता येणार नाही. अवतीभवतीच्या भग्न मूर्तींची नासधूस पोर्तुगीज अमलात झाली, असे परंपरा सांगते. ज्यांच्या राजवटीत आमचे पेडणे १७८८ पासून १९६१ पर्यंत होते, तेच हे लोक. गोव्याच्या मुलाला या लेण्यात इतिहासाचा जो धडा मिळतो, तो वर्गात देणे आम्हांस कधी साधले नाही.

सायंकाळी सज्जात बसलो असताना आत्यांनी अंजनीबाईंचा विषय काढला. पेडण्याजवळच्या मालपे गावाचे नाव आडनावात वागविणाऱ्या अंजनीबाई मालपेकर याच मुंबईत नझीर खाँसाहेबांकडे भेंडीबाजार घराण्याची गायकी शिकल्या, आणि १९५८ साली त्यांना संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळाली. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री गायिका. भेंडीबाजार आत्यांच्या घरापासून दूर नाही. "तिथे काय उरले आहे बघायला?" आम्ही विचारले. तो भागही पाडून नव्याने बांधण्याचे काम बरीच वर्षे चालू आहे. आत्या म्हणाल्या, "अरे, माणूस इथे येऊन काय करून गेलं ते तिला कळलं की झालं. इमारती काय, आमचीसुद्धा जाणारच आहे." कन्या सज्जाच्या लाकडी कठड्यावर हात फिरवीत ऐकत होती. मग तिने आत्यांना विचारले, पेडण्याहून येऊन इथे कोण कोण राहून गेले. आत्यांनी नावे सांगितली, तिने वहीच्या मागच्या पानावर ती लिहून घेतली. एकोणीस झाली. त्यांत तीन मुली होत्या.

आमच्या बडोदे, इंदूर येथील वाचकांना पेडण्याशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. परंतु मुंबईला निघताना आपल्या गावचा धागा हाती घ्यावा, तो मिळतोच. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली अमेरिकेस गेले; त्यांनी ग्रंथांसाठी बांधलेले राजगृह दादरच्या हिंदू कॉलनीत आहे. बडोद्याच्या मुलाला ते घर दाखवावे. लता मंगेशकरांचा जन्म १९२९ साली इंदुरात झाला आणि आयुष्य पेडर रोडवरील प्रभुकुंजात गेले. असे एक ठिकाण बेतात असले म्हणजे बाकीची मुंबई मुलाने आपल्या आवडीने निवडावी, आणि आपण तिच्यामागून निमूट चालावे. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर आम्ही दोन संध्याकाळी बसलो, कारण कन्येच्या वहीत तसे लिहिले होते. तिथे पाहण्यासारखे काय आहे, हे आम्ही पहिल्या संध्याकाळी विचारले होते. दुसऱ्या संध्याकाळी विचारले नाही.

रविवारची दुपार तिने कोरी ठेवली होती. आम्हांस वाटले, ती दुकाने हिंडेल. जेवण झाल्यावर तिने आत्यांना बरोबर घेतले आणि आम्हांस घरी थांबण्यास सांगितले. आम्ही चाळीच्या जिन्यात उभे राहून दोघी वळणाआड जाईतो पाहत राहिलो, मग आत येऊन वर्तमानपत्र उघडले. तीन तासांनी त्या परतल्या. मुलींची दोन वसतिगृहे बाहेरून पाहून आल्या होत्या. एकाच्या दारावरच्या बाईंशी बोलणेही झाले होते. वहीत खर्चाचा हिशेब पुरा करून कन्येने उरलेले पैसे पाकिटात घालून परत दिले. बेरीज बरोबर होती.

गाडी सुटल्यावर ती लगेच झोपी गेली. पुढचे शिक्षण कोठे घ्यायचे, याविषयी घरात अजून काही ठरलेले नाही. आईचे मत वेगळे आहे. वसतिगृहाचे अर्ज कोणत्या महिन्यात निघतात ते मात्र वहीत लिहिलेले आहे, आणि आत्या उपनगरात राहावयास गेल्यावर तेथून कॉलेजला लोकलने किती वेळ लागेल, तेही शेजारच्या रकान्यात मांडलेले आहे.